वीसपर्यंत मोजायचं होतं

सोमवार, दुपार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि भाऊजींनाही. त्यांच्या कानापर्यंत पोचत असेल तर.

डबा आणि हे पत्र कंपनीच्या ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवतेय. ते दर सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्याकडे फेरी मारणार आहेत, साहेबांनी तेवढी सोय केली आहे. तू म्हणशील, ही बया फोन का करत नाही. फोनवर आधी तू रडतेस, मग मी रडते, आणि शेवटी काय ठरलं ते दोघींनाही कळत नाही. कागदाचं बरं असतं, निदान रडून झाल्यावर लिहिता येतं.

तुझी लेक माझ्याकडे मजेत आहे. शाळेत जाते, जेवते, झोपते. फक्त वेणीवरून आमचं रोज वाजतं. काल म्हणाली, "मावशी, तू वेणी घालत नाहीस, वायर गुंडाळतेस." नऊ वर्षांची पोर, पण जीभ थेट तुझी.

नक्की काय झालं ते तू विचारलंस. प्रत्येक जण वेगळं सांगतोय म्हणालीस. तर मंगळवारी सकाळी सव्वादहाला कोल्ड स्टोरेजच्या मशीन रूममध्ये अमोनियाच्या पाइपचा जोड सुटला. भाऊजी आत व्हॉल्व्ह बघायला गेले होते. शेजारच्या हॉलमध्ये माझ्या देखरेखीखालच्या सव्वीस बायका वाटाणा निवडत होत्या. भोंगा झाला. हॉल आणि मशीन रूमच्या मधलं लोखंडी दार लावलं गेलं. बायका बाहेर पडल्या, सगळ्या सुखरूप आहेत. भाऊजींना फायर ब्रिगेडने मागची जाळी कापून काढलं, पुढचं तुला माहीत आहेच.

दार पैलवानाने लावलं. पैलवान म्हणजे मशीनवरचा तो आडदांड हेल्पर, तू त्याला एकदा पाहिलं आहेस, तुमचं कपाट त्याने एकट्याने जिन्यावरून चढवलं होतं. त्याचाही दोष म्हणता येणार नाही. मशीन रूममध्ये जाणाऱ्याने दाराशेजारच्या फळ्यावर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा असतो, म्हणजे आत कोण आहे ते बाहेरच्याला कळतं. भाऊजींचा चौदा नंबर. फळा रिकामा होता, असं सगळे म्हणतात.

भाऊजींवर रागावू नकोस. घाईत राहिलं असेल. माणूसच आहेत.

घशातली नळी कधी काढणार? ते काही खुणा करतात का? डॉक्टरांना एक विचारशील का, की इतका गॅस छातीत गेल्यावर माणसाला आधीचं सगळं नीट आठवतं का? सहज विचारतेय. पण नक्की कळव.

डब्याचं झाकण घट्ट बसतं, कड गरम पाण्यात धरून उघड.

तुझी,
धाकटी


गुरुवार, सकाळ

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. नळी काढली, डोळे उघडून बघतात, तुझा हात धरतात, हे वाचून मी इथे स्वयंपाकघरात मटकन खाली बसले. आनंदानेच. आवाज यायला वेळ लागेल, पण पाटी-पेन्सिल दिली आहे म्हणतेस. अजून काही लिहिलं नाही म्हणतेस. लिहायची घाई करू नकोस त्यांना. दमतील.

अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. टेबल हलतं आहे.

इथे चौकशी लागली आहे. बाहेरून एक तपासणी अधिकारी बाई आल्या आहेत, बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्या सगळ्यांना एकेक करून बोलावतात. मला सोमवारी बोलावलं होतं. परवा शनिवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर शेवटची बैठक आहे, तुलाही यायला सांगतील. साहेब तिथे म्हणणार आहेत की बिल्ला न लावता आत जाणाऱ्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. दवाखान्याच्या खर्चाचं पुढे काय, ते त्यानंतर बघू म्हणाले. तू आत्ताच हाय खाऊ नकोस. मी आहे.

हॉलमधल्या बायका पैलवानाशी बोलत नाहीत. तो पाण्याच्या टाकीशी आला की भांडी घेऊन निघून जातात. काल एकजण त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दगडाचं काळीज लागतं बाई, दार लावायला." साहेबही तेच म्हणाले, जरा वेगळ्या तऱ्हेने. "तिथे बाईमाणूस असतं तर दार लागलंच नसतं आणि मग आपण सगळेच गेलो असतो. अशा वेळी पुरुषच लागतो." माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मी मान हलवली.

तुला एक गंमत सांगते. मागच्या वर्षी आमचं शिक्षण झालं होतं, गॅस सुटला तर काय करायचं त्याचं. नियम असा की भोंगा झाला की आधी फळा बघायचा. बिल्ला असेल तर आत हाक मारायची, वीसपर्यंत मोठ्याने मोजायचं, आणि मगच दार लावायचं. शिकवणाऱ्याने प्रत्येकाला उभं करून विचारलं, आत आपलं माणूस असेल तर काय कराल? पैलवान छाती काढून म्हणाला, "वीस मोजीन आणि डोळे मिटून लावीन." मी म्हणाले, "मला नाही जमायचं हो, मी तिथेच भोकाड पसरीन." केवढे हसले होते सगळे. भाऊजी सगळ्यात जास्त.

गंमत म्हटलं, पण लिहिल्यावर तशी वाटत नाही.

ताई, मला हल्ली भीती वाटते. कशाची ते धड सांगता येत नाही. घरातली सगळी दारं मी उघडी ठेवते. मोरीचंसुद्धा. तुझी लेक कुरकुरते, "मावशी, लाज नाही का," आणि दार ओढून घेते. ते बंद झालेलं बघितलं की मी तिला बाहेरून हाका मारत राहते. ती चिडून "अगं आहे, आहे!" म्हणाली की बरं वाटतं. कुठेही उभी राहिले की आकडे मोजायला लागते, आणि मध्येच सोडून देते.

दार लागलं तेव्हा मी तिथेच होते. हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

डब्यात आज सगळं मऊ केलं आहे, भाऊजींना चालत असेल तर चमचाभर दे.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, सकाळ

ताई,

आज नमस्कार लिहीत नाही. तो घेशील की नाही, हे तू पत्र वाचून ठरव.

काल संध्याकाळी ड्रायव्हरकाकांनी तुझी चिठ्ठी दिली. आज त्यांची फेरी नाही, पण हे पत्र लगेच पोचवायला मी त्यांना विनवलं आहे. भाऊजींनी पाटीवर पहिलंच वाक्य लिहिलं, "मी बिल्ला लावला होता." आणि तू त्यांना म्हणालीस, "आता तरी खोटं बोलू नका, तुमच्या वेंधळेपणाने आम्हाला कुठे आणून ठेवलंत ते बघा." त्यांनी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून फुप्फुसांच्या व्यायामाची ती फुंकायची नळी तोंडाला लावत नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात दोन दिवस असेच गेले तर फुप्फुसं हातची जातील. तू लिहिलंस, "तूच त्यांना समजाव, तुझं ऐकतात."

ताई, ते खरं लिहीत होते. बिल्ला फळ्यावर होता. मी पाहिला. दार पैलवानाने लावलं नाही, मी लावलं. नंतर बिल्ला मीच काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

एवढं लिहून पाणी पिऊन आले.

तू आता उभी राहिली असशील. राग आला की तुला बसवत नाही, मला माहीत आहे. पण थोडी बस. मी क्रमाने सांगते, नाहीतर पुन्हा पळवाट काढीन. दोन पत्रांत काढली तशी.

भोंगा झाला तेव्हा मी फळ्यापासून चार पावलांवर होते. वास इतका उग्र की डोळ्यांत टाचण्या टोचाव्या तसं झालं. मागे बायकांची झुंबड. बाहेर पडायचं दार एकच, तेही अरुंद. दोघी पडल्या, त्यांच्यावर तिसरी. लोखंडी दाराशी पैलवान होता, दांडी ओढायचं काम त्याचं. तो हलेना. भिंतीला पाठ लावून घसरत खाली बसला आणि त्याची पँट ओली झाली. हे फक्त तुला सांगतेय, बाहेर बोलू नकोस. पण बसल्या जागेवरून तो ओरडत होता, "चौदा आहे बाई, चौदा आत आहे! हाक मारा! मोजा, बाई, मोजा!"

मी हाक मारली. मोजायला लागले. सातपर्यंत मोजलं आणि दांडी ओढली.

सात, ताई.

मग आतून दारावर थापा बसल्या. आतला खटका महिनाभर मोडलेला होता, त्याची तक्रार भाऊजींनीच लिहून दिली होती. थापा मी ऐकल्या आणि दांडीला लटकून राहिले. माझ्या मनात तेव्हा सव्वीस बायका होत्या, असं मी तपासणी बाईंना सांगायचं घोकून ठेवलं आहे. कोणालाही पटेल. खरं सांगू? तेव्हा मनात कोणीच नव्हतं. ना बायका, ना भाऊजी, ना तू. एक मोठा आवाज होता आणि तो बंद करायचा होता, बस. सव्वीस बायका नंतर आल्या, कारण हवं होतं म्हणून.

सोमवारी तपासणी बाईंनी मला कागद दाखवला. हॉलमधल्या यंत्रावर गॅस किती होता त्याची नोंद होती. त्या म्हणाल्या, "आणखी अर्धं मिनिट दार उघडं राहिलं असतं तरी हॉलमध्ये डोळे चुरचुरण्यापलीकडे फारसं काही झालं नसतं." भाऊजी दारापासून दोन हातांवर पडलेले सापडले. वीसपर्यंत मोजलं असतं तर ते चालत बाहेर आले असते, कदाचित मला एखादा टोमणाही मारला असता. त्या बाई हे पैलवानाबद्दल बोलत होत्या. मी समोर बसून "अरेरे" म्हणाले.

आता बिल्ला. बायका बाहेर पडल्यावर मी तोंडाला ओला फडका धरून फळ्यापाशी आले. दार मी भीतीने लावलं असं कोणी म्हणेल, मीही म्हणेन. पण बिल्ला काढताना माझा हात जराही कापला नाही. हुकावरून अलगद उचलला, वाजू नये म्हणून मुठीत धरला. सुईत दोरा ओवताना कापणारा हात माझा. ती बाई कोण होती ते मला कळत नाही, आणि मी तिच्याबरोबर एका घरात राहतेय.

पैलवानाचं विचारशील. त्याला कोणी काही विचारायच्या आधीच तो साहेबांना म्हणाला, "मी लावलं." मला वाटलं मला वाचवतोय. काल तुझी चिठ्ठी वाचल्यावर मी त्याच्या घरी गेले. तो पायरीवर बसून चपलेला खिळा ठोकत होता. मी म्हटलं, "शनिवारी मी खरं सांगणार." त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कशाला बाई? माझं चाललंय ना."

"काय चाललंय? बायका तुझ्या सावलीला उभ्या राहत नाहीत."

"राहू देत. मला दगड म्हणतात, खुनी म्हणतात. चालतं ते. तुम्ही खरं सांगितलंत तर काय म्हणतील? घरी बायको आहे माझी. बाईमाणसाने दार लावलं आणि हा तिथे बसून..." हातोडी खाली ठेवली आणि हुंदके द्यायला लागला, एवढा मोठा माणूस.

मी म्हटलं, "मी एवढंच सांगणार की पैलवान मला थांबवत होता. मोजा म्हणत होता. तुझे पाय गेले, पण आम्हा दोघांत अक्कल तुझीच शाबूत होती." त्याला ते खरं वाटलं नाही. अजून वाटत नसेल. म्हणजे बघ, त्याला कठोर दिसायचं होतं म्हणून तो खोटं बोलला, आणि मला मऊ दिसायचं होतं म्हणून मी. लोकांनी आमची कामं आधीच वाटून ठेवली होती. आम्ही फक्त हो म्हणालो.

आज सकाळी तुझ्या लेकीने एप्रन धुवायला काढला. खिशातून बिल्ला निघाला. "मावशी, बाबांचा चौदा नंबर तुझ्याकडे कसा गं?" मी म्हटलं, दवाखान्यातून परत पाठवला. ती बिल्ला फडक्याने पुसत म्हणाली, "मग त्यांना देऊन टाक ना, कामावर जायला लागल्यावर शोधत बसतील." ताई, चौकशीत खोटं बोलताना मला जेवढं जड गेलं नाही तेवढं त्या पोरीशी बोलताना गेलं. ती शाळेत गेली आणि मी कागद घेतला.

उद्या अकराला मी हे सगळं त्या बाईंसमोर सांगणार आहे. तू समोर असशील. मला तपासणी बाईंची भीती नाही, साहेबांचीही नाही, नोकरी जाईल, पोलीस येतील, ते होईल तसं होईल. तुझ्या तोंडाकडे बघायची भीती वाटते. लहानपणी मी काहीतरी फोडलं की तू आईला सांगायचीस, माझ्या हातून फुटलं. या वेळी तसं करू नकोस.

लेकीला न्यायला तू आलीस तर मी तिची पिशवी भरून ठेवीन. तिच्यासमोर मला काही बोलू नकोस, एवढीच विनवणी. नंतर तिला तूच सांग, तुला जमेल तसं.

पण ते सगळं उद्या. आज, हे पत्र हातातून ठेवल्याबरोबर भाऊजींकडे जा. माझा राग नंतर कर, तो कुठे पळून जात नाही. त्यांच्या उशाशी बस आणि म्हण, तुम्ही बिल्ला लावला होता, माझं चुकलं. म्हण की तुम्ही वेंधळे नाही, माझी धाकटी खोटारडी निघाली. मग नळी त्यांच्या तोंडाला लाव. ते फुंकतील. तुझा विश्वास आहे हे कळलं की ते पाण्याची टाकीसुद्धा फुगवतील, तुला माहीत आहेत ते.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी उद्या त्या बाईंसमोर सांगेन की नाही, मला माहीत नाही. पैलवानालाही ती माहीत नाही, भोंग्यात त्याला ऐकू गेलं नसावं. तू अजून वाचत असशील तर तुला सांगते.

सातावर मी का थांबले, असं तू विचारशील. मी सगळ्या आठवड्यात तेवढंच टाळत आले. सात म्हटलं आणि आतून, अगदी जवळून, भाऊजींचा आवाज आला, "आलो, मेव्हणीबाई, आलो." ठसकत होते, पण आवाज त्यांचाच होता, नेहमीचा. ते दोन पावलांवर होते. आणि मी त्या आवाजाला दचकले, ताई. गॅसच्या धुरातून कोणीतरी माझ्याकडे येतंय एवढंच मला कळलं, आणि मी दांडी ओढली.

त्यांना ते आठवतं का ते विचारू नकोस. आठवत असेल तर ते अजून पाटीवर लिहीत नाहीत, आणि का लिहीत नाहीत ते मला कळतं आहे.

धाकटी